गाठ जळाली, मशीन विकू नकोस

धाकट्यास दादाचा आशीर्वाद, आणि थोडा रागही.

पोट फाडलं नाही. कातडीतून लांब सुई थेट यकृतातल्या गाठीत घातली आणि टोक तापवून गाठ जागच्या जागी जाळली. मी जागाच होतो. "सुरू करते," डॉक्टरबाई म्हणाल्या, तसे मी डोळे गच्च मिटले.

"घाबरलात?"

म्हटलं, "वेल्डर आहे. ठिणगी उडायच्या आधी डोळे मिटायची सवयच आहे."

आईला एवढंच सांग. महिन्याने पुन्हा स्कॅन आहे, ते तुझ्यापाशीच ठेव. जेवते ना ती?

माझं वेल्डिंगचं मशीन विकायला काढलंस, असं तुझी वहिनी म्हणाली. गिऱ्हाईकाला हाकलून दे. माझा काळा चष्मा पुसून ठेव. पुढच्या ठिणगीला डोळे उघडे ठेवायचेत.

तुझा,
अजून असलेला दादा