नळीचा आवाज

९ नोव्हेंबर, दुपार

प्रिय दादास,

धाकट्याचा नमस्कार. मी ठीक आहे. खोली बदलली, या खोलीला खिडकी आहे. आईचा गुडघा कसा आहे? वहिनींना नमस्कार, आणि छोटीला सांग, काका येताना शिट्टी आणणार. बंदूक दुरुस्तीच्या दुकानात मला सात महिने झाले. हसू नकोस, माझ्या मानाने हा विक्रमच.

हे पत्र आईसमोर वाचू नकोस.

मंगळवारी एक डॉक्टर जुनी दुनळी घेऊन आले. सासऱ्यांच्या मागे त्यांच्याकडे आलेली. कुणी बनवली, किती जुनी, एवढंच त्यांना हवं होतं. अशा वेळी आमचे मिस्त्री आधी नळ्या उतरवतात, कारण खरी ओळख खालच्या बाजूला, लाकडाआड ठोकलेली असते. मला म्हणाले, "पूस आणि वाच. शाळा सोडलीस, आकडे तरी येतात ना?"

"आकडे येतात," मी म्हटलं.

आधी बनवणाऱ्याची दोन अक्षरं दिसली. मग नळी दाब सोसते हे तपासल्याचा मुकुटासारखा शिक्का. त्याखाली नंबर. ४१७३.

दादा, आईच्या पेटीत बाबांच्या बंदुकीचं पुढचं, नळ्यांखालचं लाकूड आहे, त्याच्या आतल्या लोखंडावर हाच आकडा आहे. बाबा बंदूक उतरवून पुसायचे, तेव्हा त्याच्यावर बोट फिरवून फिरवूनच मी आकडे शिकलो. नळ्या, मागचा भाग आणि पुढचं लाकूड, तिन्हींवर एकच नंबर असतो हे मला इथे कळलं. या बंदुकीच्या दोन भागांवर ४१७३ आहे. पुढचं लाकूड नवं, कोरं.

बंदूक बाबांच्या हातात फुटली, एवढा तुकडा उरला, बाकीचं नदीत टाकलं, असं तूच सांगितलं होतंस.

मी मिस्त्रींना विचारलं, फुटलेली नळी सांधून अशी करता येते का? त्यांनी नळ्या दोरीला टांगल्या आणि टिचकी मारली. आवाज घंटेसारखा घुमत राहिला. "चीर असती तर तडकलेल्या मडक्यासारखी बोलली असती. ही जन्मात फुटलेली नाही."

माझ्या हातून तेलाचा डबा पडला. मी फरशी पुसत बसलो, तेल नव्हतं तिथेसुद्धा.

मग त्यांनी डावा घोडा ताणून रिकामी बंदूक टेबलावर जराशी आपटली. घोडा आपोआप पडला. "घोडा अडवून धरणारी खाच झिजलीय. जुनं दुखणं आहे, मालकाला माहीत असणार." बाबांना माहीत होतं. डावी नळी भरायची नाही म्हणून ते तुला ओरडायचे, मला आठवतंय.

आता जे आपण बारा वर्षं बोललो नाही ते लिहितो. तू आणि बाबा रानात गेलात त्याच्या आदल्या संध्याकाळी मी खेळताना नळीत चिंधी कोंबली होती. बाबा गेले त्या दिवशी तू मला घरामागे नेलंस. म्हणालास, "त्या चिंधीनेच फुटली. मी कुणाला सांगणार नाही." मी आठ वर्षांचा होतो. त्यानंतर आईने वाढलं की घास तोंडात फिरायचा. शाळा सोडली, घर सोडलं, कुठेच टिकलो नाही. सगळे म्हणतात, याच्या पायाला भिंगरी आहे. तुला तरी माहीत होतं ना, काय आहे ते?

बाबा निघण्याआधी नळीतून उजेड बघायचे. चिंधी त्यांनी काढलीच असणार. रानात तुम्ही दोघंच होतात. बंदूक तुझ्या हातात होती, डावी तू भरली होतीस, आणि ती कशावर तरी आपटून उडाली. मग पुढचं लाकूड तेवढं ठेवून बाकीची तू विकलीस. असंच झालं ना?

तू सतरा वर्षांचा होतास, घाबरलास, ते मला कळतं. पण मी तापाने फणफणलो तेव्हा मला पाठीवर घेऊन दवाखान्यात धावलास, माझ्यासाठी मार खाल्लास, ते सगळं कशासाठी होतं, हे आता कळेनासं झालंय. राग आलाय का, तेही सांगता येत नाही.

डॉक्टर पुढच्या शनिवारी येणार आहेत. मूळ लाकूड मिळेल, असं मी मिस्त्रींना सांगितलंय. पोस्टाने पाठवू नकोस, तू स्वतः घेऊन ये. पेटीची किल्ली आईच्या कमरेला असते. ती विचारेल, तुकडा कशाला हवाय. तेव्हा तिला सांग.

मग माझ्याशी नाही बोललास तरी चालेल.

ज्याचं गुपित तू इतकी वर्षं सांभाळलंस, तो
तुझा धाकटा