पाय दिसले की कापायचं

बाबा, कॉम्प्युटर भरला. लग्नसराई आली की तो दरवर्षीच भरतो, पण आज त्याने हातच वर केले. बिरसी गावातल्या लग्नाचं शूटिंग उतरवायला घेतलं आणि अर्ध्यात जागा नाही म्हणून पाटी आली. संध्याकाळी वरपक्षाची माणसं गाणी निवडायला येऊन बसणार. देवरीतलं आपलं दुकान तेच, खुर्ची तीच, शूटिंगला मात्र आता रोजीने माणूस जातो. कंटाळा आला आहे बाबा, खरं सांगते. लोकांची लग्नं कापून कापून जीव विटला आहे.

कापायला तुम्हीच शिकवलं. तुम्ही शूटिंग करायचात, मी मिक्सिंगला बसायची. कॅमेरा खांद्यावरून खाली आला आणि बंद करायचा राहिला की जमीन, चपला, मांडवातले पाय असं सगळं येत राहायचं, आणि त्यावर तुमची बडबड. तुम्ही माझ्या मागे उभे राहून म्हणायचात, "पाय दिसले का काप. लोकायले नवरी पायजे, मायी बडबड कोन आयकते?" मी कापत गेले. माझ्या लग्नातसुद्धा तुम्ही कॅमेरा दुसऱ्याच्या हाती दिला नाही. आई ओरडली, "पोरीचे बाप आहा तुमी, जरा पाव्हण्यायकडे पाहा!" तर म्हणालात, "पाहूनच राहिलो ना, यातून." पुढे ते लग्नही मीच बसून नीट केलं. पाठवणीच्या वेळी चित्र थरथरलं होतं, तेही कापलं. आपल्या धंद्यात हललेलं ठेवत नाहीत.

मग ते नवेगाव बांधचं लग्न. तुमचं बटण उलटं पडलं. चालू करायला दाबलं तेव्हा बंद झालं, बंद करायला दाबलं तेव्हा चालू झालं, आणि एकदा उलटं पडलं की शेवटपर्यंत उलटंच. मंगळाष्टकं नाहीत, हार नाहीत, फेरे नाहीत. नुसते पाय. नवरदेवाचा गोंदियाचा मामा याच खुर्चीसमोर उभा राहून ओरडला, "ये शादी का वीडियो है के जूतों का?" कॅमेरा चालू असल्याचं दाखवणारा तो बारीकसा लाल दिवा तुम्हाला दिसतच नव्हता, साखरेच्या आजाराने डोळे पार मंदावले होते, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. मामा गेल्यावर म्हणालात, "पुसून टाक ते. कोनाले दावू नको." त्यानंतर कॅमेऱ्याला हात लावला नाहीत, आणि पुढची धानकापणी काही पाहिली नाहीत. पुसायचं माझ्याकडून राहूनच गेलं. मुद्दाम नाही, आळसाने.

आज ते समोर आलं. जागा करायची तर लांबलचक फाइली कापाव्या लागतात. पण कापलेला तुकडा ठेवायलाही आधी जागा लागते, आणि जुनी फाइल पुसल्याशिवाय जागा मोकळी होत नाही. म्हणजे सुरुवातीला काहीतरी अख्खंच पुसायला हवं होतं. गिऱ्हाइकांची लग्नं त्यांच्या हाती पडेपर्यंत पुसता येत नाहीत. उरली दोनच, माझं लग्न आणि तुमचं नवेगाव. दोन्हींच्या कॅसेटी बुरशीने केव्हाच गेल्या.

पुसण्याआधी एकदा पाहावं म्हणून नवेगाव लावलं. पाय. सतरंजी. एक कुत्रं. आणि तुम्ही! "वाढ बा, अजून दोन जिलब्या वाढ. घरी कोन सांगते?" आई मागे तांदूळ निवडत बसली होती, तिचे हात थांबले. "मले सांगे, जेवलोच नाही म्हून," असं म्हणून ती पदर तोंडाला लावून हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली. पडद्यावर अजून पायच होते. कोणीतरी विचारलं, "कॅसेट कवा भेटन भाऊ?" तुम्ही म्हणालात, "मायी पोरगी करते ते काम. माया हात हालला तरी ते बरोबर करून ठेवते. कोनाले पत्ता लागत नाही."

माझ्यासमोर कधी असं बोलला असतात तर काय बिघडलं असतं हो? माझ्यासमोर नुसतं काप, काप.

मग माझं लग्न लावून पाहिलं. स्वच्छ आहे, कुठे काही हलत नाही. सगळे आहेत त्यात, बँडवालासुद्धा आहे. तुम्ही नाही. तुमचा आवाज नाही, भिंतीवर सावलीसुद्धा नाही. मी फार नीट काम केलं होतं बाबा.

ते पुसलं. त्या जागेत बाकीची लग्नं कापून लहान केली आणि बिरसीचं उतरवून घेतलं. नवेगाव जसंच्या तसं आहे, त्यातला एकही पाय कापला नाही. आई चहा घ्यायला उठली नाही, पुन्हा लाव म्हणाली.

हे लिहिलेलं नवेगावच्या शेजारीच ठेवते, याला काही जागा लागत नाही. आमच्या ह्यांना मात्र अजून सांगितलेलं नाही. दिवाळीत मुलांना घेऊन बसून लग्न लावायची त्यांना भारी हौस. विचारतील तेव्हा म्हणेन, बटण उलटं पडलं.