पैलवानाच्या पोटात काय गेलं

आदरणीय ताई,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. गुडघे परवानगी देतील तेवढाच वाकलो आहे, उरलेला नमस्कार मनाने पुरा करून घे. तुझा रक्तदाब, भावोजींचा खोकला आणि तुमच्या वरच्या मजल्यावरचा ड्रमचा क्लास हे तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. आमच्याकडे सगळं ठीक आहे. फक्त हे 'ठीक' मागच्या मंगळवारी दुपारी बारा वाजता झालं आहे, आणि त्याआधीचे तीन आठवडे कसे गेले ते सांगायला हे पत्र. तुझ्या भावजयीने फोनवर काही सांगितलं असेल तर ते तूर्त बाजूला ठेव. ती हसत हसत सांगते, त्यामुळे अर्धे तपशील गळतात आणि उरतात ते सगळे माझ्या विरुद्धचे असतात.

आमचा पैलवान तू पाहिला आहेसच. पिल्लू असताना त्याचे पंजे एवढे मोठे होते की मी मोठ्या विश्वासाने ते नाव ठेवलं. पंजे तेवढेच राहिले आणि बाकीचा कुत्रा काही त्यांच्या मापाचा झाला नाही. अंगाने सडपातळ, तब्येतीने खणखणीत. तीन महिन्यांपूर्वी माझ्या रक्तात साखर सापडली हेही तुला ठाऊक आहे. (सापडली हा डॉक्टरांचा शब्द. इतकी वर्षं मी ती उघडउघड घालत होतो, लपवली कधीच नव्हती.) त्या दिवसापासून घरातलं गोड बंद झालं. उरला तो पाहुण्यांसाठी क्रीमच्या बिस्किटांचा डबा आणि लेकीसाठी रविवारचा केक. तो डबा भराभर रिकामा होऊ लागला. तुझ्या भावजयीने पहिल्यांदा विचारलं तेव्हा पैलवान नेमका समोर बसून जिभल्या चाटत होता. माझ्या तोंडून निघून गेलं, त्याला दिली. ताई, खोटं बोलायचा माझा मुळीच इरादा नव्हता. पण कुत्र्यावर ढकलणं फार सोपं असतं गं. तो शेपूट हलवून वर दुजोराही देतो. मग बिस्किटं त्याने खाल्ली, अर्धा केक त्याने खाल्ला, जॅम लावलेला पावही त्यानेच खाल्ला. त्याला इतके लाडावून ठेवल्याबद्दल मी रोज बोलणी खायचो, आणि ती तेवढी मात्र खरोखर मीच खाल्ली.

पुढे वर्षाची लस टोचायला आम्ही त्याला नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. म्हातारे गृहस्थ आहेत. त्यांनी सहज विचारलं, खातो काय? तुझ्या भावजयीने घडाघडा यादी म्हणून दाखवली: दोन वेळचं जेवण, दिवसाला आठ-दहा क्रीमची बिस्किटं, रविवारी अर्धा केक, मधूनमधून जॅम-पाव. डॉक्टरांनी ती कागदावर उतरवून घेतली, यादीकडे पाहिलं, कुत्र्याकडे पाहिलं, वजनकाट्याकडे पाहिलं, मग चष्मा पुसून पुन्हा काट्याकडे पाहिलं. आधी मला दहा मिनिटं झाडलं. नंतर आवाज खाली आणून म्हणाले की इतकं खाऊन हे जनावर एक ग्रॅम वाढत नाही, म्हणजे आत काहीतरी बिघडलं आहे, याला तज्ज्ञांनाच दाखवा. मी तिथेच सांगून मोकळं व्हायला हवं होतं. पण तुझी भावजय रडवेली झाली होती, आणि अशा वेळी बिस्किटांचा विषय काढणं मला बरं दिसेना. (हे कारण त्या वेळी मला फार उदात्त वाटलं होतं.) म्हटलं, आपण बिस्किटं बंद केली की प्रकरण आपोआप मिटेल. बंद केली नाहीत, हा भाग वेगळा.

त्या तज्ज्ञांच्या दवाखान्यावर 'लहान प्राण्यांसाठी' अशी पाटी आहे. लहान म्हणजे घोड्याहून लहान, हे आत गेल्यावर कळतं. माझ्या शेजारचा कुत्रा उभा राहिला तेव्हा मीच उठून त्याला जागा दिली. शिवाय तिथे माणसाला स्वतःचं नाव नसतं. खिडकीतल्या बाई 'पैलवानचे बाबा' असा पुकारा करतात, की आपण उठायचं. समोर टाय लावलेले एक रुबाबदार गृहस्थ बसले होते, मला वाटलं हेच इथले मालक. 'चिंगीचे पप्पा' असं ऐकू येताच ते मांडीवरचा ससा सावरत धावत सुटले. मग मलाही जरा धीर आला.

आत एकेका अवयवाला एकेक डॉक्टर. हृदयाचे डॉक्टर डोळे मिटून इतका वेळ ऐकत बसले की त्यांचा डोळा लागला की काय अशी मला शंका आली. हाडांच्या डॉक्टरांनी मला पैलवानाला घेऊन बोळातून चार वेळा चालायला लावलं. कुत्र्याचे गुडघे उत्तम आहेत म्हणाले. माझ्या गुडघ्यांकडे त्यांनी बराच वेळ बघितलं, पण बोलले काही नाहीत. सगळ्यांत वरचढ त्या पोटाच्या डॉक्टर. चणीने एवढ्याशा, चष्मा नाकाच्या टोकावर, आणि प्रश्न असा विचारतात की उत्तर येत असलं तरी घाम फुटतो. त्यांनी रक्त तपासलं, सोनोग्राफी केली, आणखी काय काय तपासलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. सगळं निर्दोष. आणि ताई, रिपोर्ट जितके चांगले येत होते तितकी ही मंडळी गंभीर होत होती. निरोगी कुत्रे त्यांनी पुष्कळ पाहिले असतील, पण रोज दहा क्रीमची बिस्किटं खाऊन निरोगी असलेला हा पहिलाच. तिघंही टेबलाभोवती उभे राहून त्याच्याकडे टक लावून बघायचे, आणि एवढे लोक आपल्यासाठी जमले म्हणून पैलवान खूश. घरी मात्र तुझी भावजय जेवताना त्याच्याकडे बघून डोळे पुसायची. तिचे हाल बघून माझा जीव इतका कासावीस व्हायचा की काहीतरी गोड तोंडात टाकल्याशिवाय मला चैन पडेना.

शेवटी ठरलं की भूल देऊन पोटात कॅमेरा घालून बघायचं. मंगळवार सकाळची वेळ. आदल्या संध्याकाळपासून पोटात काही जाता कामा नये, अशी सक्त ताकीद. सकाळी तुझी भावजय पट्टा शोधत होती आणि मी स्वयंपाकघरात एकटा उभा होतो. दोन बिस्किटं कधी तोंडात गेली ते मला कळलं नाही.

दवाखान्यात भूल देणाऱ्या डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवलं, पोटाच्या डॉक्टरही शेजारीच होत्या. आवाज इतका मऊ की ऐकूनच पापण्या जड व्हाव्यात. त्यांनी समजावलं की पोट रिकामं नसेल तर भुलीत अन्न वर येऊन श्वासनलिकेत जातं, आणि मग कुत्रा हाती लागत नाही. म्हणून नीट आठवून सांगा, सकाळपासून काही दिलंत का? तुझी भावजय नाही म्हणणार होती, तेवढ्यात तिला काहीतरी आठवलं. ती सावकाश माझ्याकडे वळली. चेहरा पांढराफटक.

"अहो, डब्यात दोन कमी होती. आजसुद्धा दिलीत याला?"

ताई, तुझ्यापाशी काय लपवायचं, मी हो म्हणायला तोंड उघडलं होतं. हो म्हटलं असतं तर तो दिवस टळला असता. पण पुढच्या आठवड्यात तीच सुई, तोच कॅमेरा. आणि उपाशी ठेवायच्या कुत्र्याला खाऊ घालणारा माणूस म्हणून तिने मला जन्मात माफ केलं नसतं. पैलवानाच्या पुढच्या पायावरचे केस सुईसाठी भादरले होते. तो भादरलेला पाय त्याने माझ्या मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिला. मला भडभडून आलं. काही दोष नसलेला जीव माझ्यापायी टेबलावर चढणार होता.

"ती मी खाल्ली," मी म्हणालो.

"आजची?" पोटाच्या डॉक्टरांनी विचारलं.

"तीन महिन्यांची."

मग केकबद्दल विचारणा झाली. केकही मीच. जॅम-पावाच्या कडा मात्र त्याला दिल्या होत्या, तेवढी माणुसकी माझ्यात शिल्लक आहे, तेही सांगितलं. पोटाच्या डॉक्टरांनी कागद ओढला, यादीवर आडवी रेघ मारली, खाली काहीतरी आकडेमोड केली आणि चष्मा वर सरकवून म्हणाल्या, "मग हा कुत्रा अगदी बरोबर वजनाचा आहे. घरी न्या."

तुझी भावजय तिथेच जमिनीवर बसली आणि पैलवानाला मिठी मारून हसायला लागली. इतकी हसली की पलीकडून हृदयाचे डॉक्टर नळी घेऊन धावत आले. मीही हसलो, भूल देणारे डॉक्टरही हसले, आणि पैलवान सगळ्यांची तोंडं चाटत सुटला. मग ती हसायची थांबली. (ती थांबते तेव्हा काय होतं ते तू पाहिलेलं आहेस.) बाहेर मोठ्या कुत्र्यांसाठी जमिनीलगतचा वजनकाटा आहे, त्यावर तिने मला उभं केलं. माझा आकडा भिंतीवर लाल अक्षरांत उमटला. बाकावरच्या समस्त आया-बाबांनी तो वाचला. पहिल्या दिवशी मी ज्याला जागा दिली होती तो थोराड कुत्राही तिथे होता, त्याने तेवढी मान फिरवली. पोटाच्या डॉक्टर दारात उभ्या होत्या. माझ्यावर उपचार करायची त्यांना परवानगी नाही म्हणाल्या, नाहीतर लक्षणं पहिल्याच दिवशी जुळली असती.

तेव्हापासून मी आणि पैलवान रोज पाच वाजता फिरायला जातो. पट्टा माझ्या हातात असतो, पण कोण कोणाला नेतं आहे ते रस्त्यावरच्या सगळ्यांना दिसतं. चहा बिनसाखरेचा. तरी सांगतो ताई, मी फार आनंदात आहे. आपला कुत्रा धडधाकट आहे आणि ते आपल्याला एकट्यालाच माहीत नाही, याचं सुख काही औरच.

घरात वडीलधारं माणूस आता तूच, तेव्हा सगळ्यांच्या वाटचे नमस्कार तुझ्याकडेच ठेव.

तुझा धाकटा
(पैलवानचे बाबा)

ता. क. — तुझ्या भावजयीने पत्र वाचलं. आठ-दहा नव्हे, चौदा होती असं ती म्हणते. दुरुस्त करून वाच.

ता. क. दुसरा — मागच्या पत्रात तू या तज्ज्ञांचा पत्ता मागितला होतास. तुमच्या मांजरीला म्हणे रोज दुपारी, भावोजी बाहेर पडले की, केकचा भलामोठा तुकडा लागतो, तोही तुझ्याच हातून, आणि तरी ती वाळत चालली आहे. मी परवा पोटाच्या डॉक्टरांना विचारून आलो. (तुझा उल्लेख केला नाही, ओळखीच्या एका बाईंची मांजर म्हणालो.) त्या म्हणाल्या, मांजराच्या जिभेला गोड चव कळतच नाही. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "या बाई तुमच्या कोण?"

ता. क. तिसरा — हा मजकूर तुझ्या भावजयीने वाचलेला नाही, ती पाकीट आणायला गेली आहे. भावोजींनाही मी काही कळवलेलं नाही. पण तुझी साखर माझ्या साखरेहून दोन वर्षांनी थोरली आहे आणि मला तुझी काळजी वाटते, म्हणून एवढं लांबलचक लिहिलं. महिनाभर इकडे राहायला ये. बिनसाखरेचा चहा एकट्याने गिळवत नाही, दोघं मिळून तोंडं वाकडी करू आणि पाच वाजता फिरायला जाऊ. मांजरीला आणू नकोस. ती ठणठणीत आहे.