माझी मी

सोम., ३ फेब्रु.
नोएडात अजून गारठा आहे. नातीला, ईराला, शाळेतून आणायला गेलो तर बाईंनी थांबवलं. "दादाजी, ईरा अपने हाथ से नहीं खाती. घर पे कौन खिलाता है?" म्हटलं, मैं. हसल्या, पण म्हणाल्याच : चार की हो गई, अब बंद कीजिए.
संध्याकाळी सुनेला सांगितलं. मेघना म्हणाली, "आबा, राग मानू नका, पण बरोबर आहे त्यांचं." राग नाही. पण…

मंगळ., ४
ताट वाढून समोर ठेवलं. ईरा तोंड उघडून बसली. मग, "आबा, खिलाओ ना." नाही भरवलं. वरणभात तसाच राहिला, दुधावर झोपली. मलाही जेवण गेलं नाही.

गुरु., ६
सुधा असती तर बाईंशी भांडली असती. आमच्या निखिलला, ईराच्या बापाला, पहिलीत जाईपर्यंत भरवायची. आळीतली पोरं आली की त्यांनाही त्याच ताटातून. सगळे शिकले, नोकरीला लागले, कोणी आळशी निघालं नाही. आणि घासागणिक बोलणं चालायचं. साय, मेतकूट, उष्टं, ओंजळ. ईराला यातला एकही शब्द येत नाही.
निखिलशी बोललो. म्हणाला, "आबा, वर्गात वीस मुलं आहेत. तिला कोण भरवणार?" खरंय.

सोम., १०
चमचा टाकून हाताने जेवली. सांडलं बरंच, पण वाटी संपवली. "देखो आबा, खत्म." शाबास म्हटलं. आनंद झाला, खोटं नाही. नंतर बाल्कनीत उगीच उभा राहिलो. दुपार फार लांबते हल्ली.

रवि., १६
ईराला दोन दिवस ताप. आज जरा उतरला. मेघना स्वतःहून म्हणाली, "आज भरवा आबा, चालेल." मऊ भात कालवला, तूप घातलं, घास पुढे केला. ईराने माझा हात बाजूला सारला.
"माझी मी खाते."
चक्क मराठीत. कुठे शिकली, म्हटलं.
मेघना म्हणाली, "तुमच्याकडूनच. चहा देऊ का, कपडे वाळत घालू का, काहीही विचारलं की तुम्ही म्हणता, माझं मी करतो."
सुधा गेल्यापासून म्हणतो खरं.
ईरा हळूहळू जेवत होती. माझ्या हातातला घास तसाच. शेवटी मीच खाल्ला.