पारोळ्यातला खो

बाई, काल धुळ्यात मैदानावर मुलींना खांबापाशी सूर कसा मारायचा ते दाखवत होते, तर माझा उजवा गुडघा कटकन वाजला. मुली घाबरल्या. मी हसले. तो वाजतोच, पण वाकतोही आणि उठवतोही, हे आता मला पक्कं ठाऊक आहे.

नववीत धरणगावच्या शाळेच्या मैदानावर तोच गुडघा पिरगळून मी खांबाशी पडले, तेव्हा हसू आलं नव्हतं. जळगावच्या डॉक्टरांनी प्लास्टर काढताना "आता खो-खो बास" असं सांगून टाकलं, आणि आईला तेच हवं होतं. लंगडणाऱ्या पोरीला कोण करून घेणार? मला मात्र खेळाशिवाय काही सुचत नव्हतं, आणि पाय तर मुडपेनाच. शाळेत आम्हाला खो-खो शिकवणाऱ्या तुम्ही घरी आलात, माझ्याकडे पाहिलंही नाहीत. आईला म्हणालात, "पोरले रोज संध्याकाळले मनाकडे धाडा, भाकरी शिकाडस तिले." आई खूश. भाकऱ्या तुम्हीच थापायच्या. मी तुमच्याकडे पाठ करून चौकोनात बसतात तशी उकिडवी बसायचे. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा खरपूस वास सुटला, की भूक लागायची आणि तेवढ्यात तुम्ही "खो!" म्हणून पाठीवर पिठाचा हात मारायच्या. पहिले काही दिवस दोन पाट एकावर एक रचून त्यावर बसवलंत, मग एकच ठेवलात, मग जमीन. रडले की म्हणायच्या, "गुडघा तुना शे, डॉक्टरना नई शे. ऊठ!" पाठीवर पिठाचा पंजा घेऊन मी घरी जायचे आणि आईला वाटायचं, पोर कामाला लागली. भाकरी मला अजूनही धड येत नाही.

दहावीत पारोळ्याच्या सामन्याला तुम्ही भांडून मला संघात घेतलंत. शेवटचं मिनिट आहे, एक गडी बाद केला की सामना आपला. मी चौकोनात बसलेय, तुम्ही रेषेबाहेर पदर खोचून उभ्या आहात, आणि सवयीने ओरडता, "खो!" मी उभी, पंचांची शिट्टी. मागच्या मुलीने मला शिवलेलंही नव्हतं. फाऊल झाला, सामना गेला. हेडमास्तर माझ्यावर धावून आले, "हा मोडका पाय घेतलाच कशाला?" तुम्ही सगळ्यांदेखत स्वतःचे कान धरलेत. "पोरले काही बोलू नका. बठ्ठी चूक मनी शे." पुढे स्टाफरूममध्ये वर्षानुवर्षं त्यावरून तुमची चेष्टा व्हायची. शेवटच्या आजारपणात मी भेटायला आले, तेव्हाही तुम्ही सुनेला तोच किस्सा हसून हसून सांगत होतात आणि मी मान हलवत होते.

बाई, तुमचा आवाज नंतर आला. पळणारी मुलगी समोर दिसली आणि मी उठले. रोज उठण्याआधी गुडघ्याची भीती वाटायची, ती त्या दिवशी वाटलीच नाही. शिट्टी ऐकूनही मला आनंदच झाला होता. खरं बोलले असते तर मला पुन्हा संघात घेतलं नसतं, म्हणून तुम्हाला कान धरू दिले. हे पत्र टाकणार कुठे, वहीतच राहील. त्या दिवशी मला कुणीच खो दिला नव्हता.