ताईच्या नावाचं तिकीट

प्रिय ताई,

तुझं ओळखपत्र माझ्याकडे आहे. कपाटं उपसू नकोस, आईवर ओरडू नकोस. अठरा तारखेला देमिंगबरोबर लग्नाच्या नोंदणीला ते लागणार हे ठाऊक असूनही मी ते तुझ्या खणातून उचललं. आधीच सांगून टाकते, म्हणजे काय रागवायचं ते एकदाच रागावशील.

ओळखपत्राशिवाय तिकीट मिळत नाही आणि सरकारदरबारी मी जन्मलेच नाही. एका घरात एकच मूल असा नियम; दुसरं कळलं असतं तर बाबांची शाळेतली नोकरी गेली असती, म्हणून एकवीस वर्षं मी घरात आहे, कागदावर नाही. तेव्हा पाठीवर तुझी जुनी सॅक टाकून, तुझ्यासारखे केस बांधून कार्डावरची शांग रुईफांग झाले आणि निघाले. शीआनच्या जुन्या तटबंदीवर पाय दुखेपर्यंत भटकले. लांझोउला पिवळ्या नदीकाठी दोन वाडगे नूडल्स हाणल्या. मजा आली, खोटं कशाला बोलू! पण प्रत्येक स्टेशनच्या दारात शिपाई तुझा फोटो बघून माझ्या तोंडाकडे बघायचा, तेव्हा मी तुझ्यासारखी हनुवटी वर करायचे.

लांझोउहून च्यायूग्वानला जाणाऱ्या गाडीत समोरच्या बाकावर मियाओ नावाच्या आजी होत्या. सूर्यफुलाच्या बिया फोडता फोडता त्यांनी माझी सगळी चौकशी केली. “कोणत्या प्राण्याच्या वर्षाची गं तू? माझा भाचा उंदराच्या वर्षाचा, मुलगी शोधतोय.” मी बेसावधपणे माझंच खरं वर्ष सांगून गेले, “माकडाच्या.” आजी खूश. “उंदराचं नि माकडाचं छान जमतं हो!” तेवढ्यात रेल्वेचा पोलीस ओळखपत्रं तपासत आला. तुझं कार्ड हातात धरून त्याने वाचलं, “जन्म अठ्ठ्याऐंशी.” आजींचे कान तिखट. “अठ्ठ्याऐंशी म्हणजे ड्रॅगन की! लग्नाच्या बाजारात चार वर्षं चोरतेस होय गं?”

अख्खा डबा हसला. पोलीस हसला नाही. मी कशीबशी म्हणाले, “भाचा हातचा जाऊ नये म्हणून, आजी.” पुन्हा हशा झाला, पण त्याने कार्ड परत दिलं नाही. वडील काय करतात, त्याने विचारलं. शिक्षक आहेत, मी म्हणाले. “घरी आणखी कोण?” “आई, बाबा आणि मी.” “बहीण?” “नाही. मी एकुलती एक.” त्याने फोटो पुन्हा एकदा माझ्या तोंडाशी ताडून पाहिला. मग कार्ड माझ्या मांडीवर टाकून म्हणाला, “खोटं बोलायचं तर निदान म्हाताऱ्या माणसांशी बोलू नये,” आणि पुढच्या बाकाकडे वळला.

मी सुटले. आजींनी एक उकडलेलं अंडं सोलून पुढे केलं, ते मी रुमालात गुंडाळून ठेवलं. ताई, चौकशीची सरकारी माणसं अंगणात यायची तेव्हा आई मला धान्याच्या मोठ्या रांजणात बसवायची. आत बसून मी तुझा आवाज ऐकायचे, “आमच्या घरी मी एकटीच.” किती खणखणीत म्हणायचीस! तुला ते आवडतं असंच मी धरून चालले आणि इतकी वर्षं मनात अढी ठेवली. ते वाक्य बाहेर उभं राहून म्हणताना काय होतं, हे मला त्या डब्यात कळलं. मी एकवीस वर्षांची आहे. तू तेव्हा आठ वर्षांची होतीस.

आता खरं सांगते. मी किल्ले बघायला निघाले नव्हते. देमिंगच्या घरच्यांसमोर मामेबहीण म्हणून वावर, असं आई म्हणाली आणि तू मान खाली घालून गप्प बसलीस, त्याच रात्री मी कार्ड उचललं. तुझं लग्न अडावं, एवढंच मनात होतं. आज च्यायूग्वानला उतरून तिथला प्रसिद्ध किल्ला न बघता थेट पोस्टात आले आहे. कार्ड याच पाकिटात आहे, चौदा तारखेपर्यंत हातात पडेल. मला आता गाडीने परत येता येणार नाही. बस बदलत बदलत येईन, अठराच्या आत पोचेन असं नाही. मेजवानीला मामेबहीण म्हण, चुलत म्हण, वाढपी म्हण, मी निमूट उभी राहीन. फक्त दोघंच असाल तेव्हा देमिंगला एकदा सांग की मला सख्खी बहीण आहे, आणि तिचं नाव सांग. ‘नाही’ आपण दोघींनीही म्हणून झालं. ‘आहे’ असं घराबाहेर अजून कुणीच कुणाला सांगितलेलं नाही.

तुझीच सख्खी,
रुईहे