हरतालिकेच्या दिवसाच्या खुणा

१९ ऑगस्ट, मंगळवार
औषधाच्या चाचणीत आज नवीन पेशंट. नं. १४. सुमनवहिनी, लांज्याच्या आतल्या गावातल्या. भातातलं तण बेणताना पातं उजव्या डोळ्यात गेलं. आठवडाभर दूध-तूप घालून झालं, मग आमच्याकडे. बुबुळावर जखम, खरवडून पाहिलं तर बुरशी. डॉ.नी मोजली, तीन मिमी.

संमतीपत्र वाचून दाखवलं. औषधं दोन, कुणाला कुठलं ते बाटलीच्या नंबरात दडलेलं. मला माहीत नाही, डॉ.नासुद्धा नाही. वहिनी हसल्या, "म्हंजे आपन तिघंय आंधली?"

मग नेहमीचं. जागेपणी दर तासाला थेंब, कार्डावर खूण. थेंब घशात उतरतो, कडू लागतं, घाबरायचं नाही. हे मी इतक्यांदा बोललेय की आता तोंड आपोआप चालतं.

२२ ऑगस्ट, शुक्रवार
१४ नं. ची जखम २.६. हुश्श.

कार्डावर मात्र सात-आठ रकाने मोकळे. "शेतात होतंव गो बाय, हात चिखलानं भरलेले." सकाळीच मुंबईच्या तपासनीस बाईंचा फोन येऊन गेलेला, मागच्या तीन कार्डांवरून. तो राग इथे निघाला. म्हटलं, "वहिनी, रकाना मोकळा राहिला की वरून बोलणी मला बसतात."
त्यांचा चेहरा उतरला. "तुला बोलतत?"
उगाच बोलले.

२६ ऑगस्ट, मंगळवार
हरतालिका. रजा टाकली. निर्जळ. थायरॉइडची गोळीही उद्यावर, एका दिवसाने काय होतंय. डोकं ठणकतंय. उद्या गणपती आणि नारळ अजून खवायचे आहेत.

शुक्रवारी १४ नं. चं बोलावणं. दोनच्या खाली यायला हवी.

२९ ऑगस्ट, शुक्रवार
४.१.

डॉ.ना दोनदा मोजायला लावलं. कडेला नवीन पांढरं पसरलंय. बोटं मोजता आली तेवढाच दिलासा, 'तीन' म्हणाल्या.

कार्ड पूर्ण भरलेलं, एकही रकाना मोकळा नाही. मग औषधच लागू पडत नाहीये? तसं असेल तर आणखी किती जणांना तेच...

डॉ. म्हणाले, ऍडमिट. नवरा गणपतीला मुंबईहून आलेला, तो लगेच तयार. वहिनी नाही. "परवा गवर येतेय. घरात बाईमानूस कोन?" शेवटी डॉ.नी सरळ सांगितलं, बुबुळाला भोक पडलं तर डोळा जाईल. तेव्हा खाटेवर बसल्या. पिशवीसुद्धा मांडीवरून खाली ठेवली नाही.

३० ऑगस्ट, शनिवार
कार्ड घेऊन बसले. बाकीच्या दिवसांच्या खुणा वाकड्यातिकड्या, एकीवर हळदीचा डाग. २६ तारखेच्या मात्र एका सुरात, एका दमात मारलेल्या. २७ च्या संध्याकाळपर्यंत तशाच.

रागवायचं नाही असं ठरवून वॉर्डात गेले.
"वहिनी, हरतालिकेला थेंब घातलात?"
"नाय. तूच म्हटलंस ना, घशात उतरतो? उपास मोडला नसता? आनि दुसऱ्या दिवशी गनपती, पावनी-रावली. सांजच्याला घातला."
"मग खुणा?"
"मोकलं ठेवलं असतं तर तुला बोलले असते."

दोन्ही वाक्यं माझीच. घशाचं माझं, बोलणीचंही माझंच. आणि त्याच दिवशी मी स्वतः गोळी सोडली होती की! तरी डोक्यात आलं नाही. एक फोन केला असता तर. लाज वाटते.

१ सप्टेंबर, सोमवार
अहवाल लिहिला. डॉ. म्हणाले, "जसं घडलं तसं लिही." रकान्यांवरून मी काय बोलले होते तेही लिहिलं.

डॉ. म्हणतात, केवळ दीड दिवसाने हे झालं असं ठामपणे म्हणता यायचं नाही, औषधही कमी पडलं असेल. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

समजावण्याच्या कागदात 'उपास कधी?' हा प्रश्न घालायचा तर समितीची मंजुरी लागते. लागू दे. तोवर तोंडी विचारणार. आज दोघींना विचारलं. एकीचे सोळा सोमवार चालू निघाले! तिला डॉ.समोरच बसवून समजावलं, उपासालाही थेंब घालायचेच.

वहिनींच्या घरी गौरी जावेने पुजल्या. नवऱ्याने फोनवर फोटो दाखवला. वहिनींनी तो डाव्या डोळ्याशी अगदी जवळ धरला. म्हणाल्या, "साडी नीट नेसवली नाय." मग डोळ्यांना पदर लावायला गेल्या, मी हात धरला. चोळायचं नाही.

४ सप्टेंबर, गुरुवार
४.०. एवढा फरक मोजण्यातही पडतो. थेंब आता सिस्टर घालते, दर तासाला. सोमवारपर्यंत वाट बघायची. उतरली नाही तर मुंबईला, बुबुळ बदलायला. बुबुळ मिळेल तेव्हा.

नजर तपासायची होती. डावा डोळा झाकला, बोटं धरली.
वहिनी म्हणाल्या, "बाय, खरं सांगू का तुला बरं वाटंल तसं?"
"खरं."
बघत राहिल्या. मान थोडी वळवून, परत सरळ करून. मी हात हलू दिला नाही.
"हात दिसतो. बोटां नाय."

गेल्या शुक्रवारी 'तीन' म्हणाल्या होत्या. मी नेहमी तीनच धरते, हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक असणार.

हात दिसतो, बोटं नाहीत. तसंच लिहिलं.